जुन्या वेलांचें दप्तर

दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ईडन खोऱ्यांत हेन्श्के नांवाचें एक शेतकरी कुटुंब १८६८ सालापासून द्राक्षांची वाईन करीत आलें आहे. त्यांच्या ‘हिल ऑफ ग्रेस’ ह्या मळ्यांतील शिराझ जातीचे सर्वांत जुने वेल १८६० च्या सुमारास लाविलेले असून ते अद्याप फळ देतात. मद्याची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. वाचकांनीं वेलाकडे पाहावें, पेल्याकडे नव्हे.

हे वेल कलमी नाहींत, स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. युरोपांतील मळे ज्या फायलॉक्सेरा किडीनें गेल्याच्या गेल्या शतकांत उजाड केले, ती तिकडे शिरली नाहीं, म्हणून हें साधलें. वेल म्हातारा झाला म्हणजे घड थोडे येतात, हें खरेंच. परंतु त्या थोड्या फळाची तांबडी वाईन १९५८ पासून मळ्याच्या स्वतंत्र नांवानें विकली जाते, आणि ती त्या देशांतील अत्यंत महाग वाईनींत गणली जाते. १९७४ व २००० ह्या सालीं मात्र त्या नांवाची बाटली काढलीच नाहीं. पेटीच्या तळाशीं हलके घड घालून वर टपोरे मांडणाऱ्या आमच्या बंधूंनीं एवढें वाक्य पुनः वाचावें.

परंतु आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. १९८० नंतरच्या दशकांत तिकडे तांबड्या द्राक्षांस भाव उरला नाहीं. तेव्हां सरकारनेंच वेल उपटणारास पैसे देऊं केले, आणि शेजारच्या बरोसा खोऱ्यांतील कित्येक जुने मळे त्या पैशासाठीं मुळासकट निघाले. उपटणारास आम्ही दोष देत नाहीं. घरीं देणेकरी बसला असतां आजोबांच्या वेलाची आरती कोण करील? पुढें बाजार फिरला, जुन्या वेलांच्या फळास मागणी आली, आणि मग २००९ सालीं बरोसाच्या मंडळींनीं वेलांची वयवार प्रतवारी ठरविली : ३५ वर्षांचा तो जुना, ७० चा तगलेला, १०० चा शतायुषी, व १२५ चा तो पूर्वज. नोंद उत्तम, पण ती वेल गेल्यावर झाली.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. पीकपाहणींत पिकाचें नांव व क्षेत्र लिहीत असूं. वेल चार वर्षांचा कीं चाळीस वर्षांचा, ह्याची विचारपूस आम्हीं कधीं केली नाहीं, व ती आम्हांस कोणीं करावयास लाविलीहि नाहीं. नाशिकाकडे २००८-०९ च्या मंदीनंतर वाईनच्या द्राक्षांची खरेदी आटली, तेव्हां अनेकांनीं वेल काढून टाकले. त्यांत राखण्याजोगे किती होते, हें कोणत्या कागदावरून सांगावें?

खाण्याच्या द्राक्षांस, जेथें वजनावर पैसा मिळतो, तिकडील हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं. प्रत्येक म्हातारा वेल सांभाळा, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु चिंच, आंबा, जांभूळ, जुनी द्राक्षबाग, जें कांहीं वडिलांच्या हातचें उभें असेल, त्याचा सर्व्हे नंबर, जात, लागवडीचें साल, व तें साल ज्याच्या आठवणींत आहे त्याचें नांव, इतकें आपल्या संस्थेनें एका वहींत उतरून ठेवावें. साल सांगणारीं माणसें ऐशींच्या घरांत आहेत. हें काम पुढच्या सभेवर टाकूं नये.