प्रतिनिधी नेमका कोणाचा?

कोयनानगरच्या धरणामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, घनदाट अरण्यात वासोटा किल्ला उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. पर्यटकांना ही कथा ठाऊक असते. 'प्रतिनिधी' या पदाचा इतिहास मात्र विस्मरणात गेला आहे.

मोगलांच्या आक्रमणामुळे राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा त्यांनी प्रल्हाद निराजी यांच्यासाठी हे पद निर्माण केले. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याचा मान पेशव्यांहून वरचा होता. पुढे परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यात ते वंशपरंपरेने स्थिरावले. सत्ता पेशव्यांकडे सरकली; प्रतिनिधींकडे उरली ती जहागीर आणि किताब. इंग्लंडमधील 'अर्ल' या सरदारपदाचा प्रवासही असाच झाला. प्रारंभी तो राजाच्या वतीने परगण्याचा कारभार पाहणारा अधिकारी होता. मध्ययुगातच अधिकार ओसरला, किताब मात्र वारसाहक्काने चालत राहिला. उमरावांच्या सभागृहातील बहुतेक वंशपरंपरागत सदस्यांचा हक्क संपुष्टात यायला 1999 साल उजाडावे लागले.

सातारा जिल्ह्यातील औंधने याबाबतीत वेगळा पायंडा पाडला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली 1939 मध्ये स्वतःचे अधिकार प्रजेच्या हाती सोपवले. राजाचा प्रतिनिधी म्हणवणाऱ्या घराण्यानेच ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली, ही घटना असामान्यच म्हणावी लागेल.

भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब देण्याची प्रथा बंद केली. 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखेही रद्द झाले. तथापि, पद घराण्याची मालमत्ता मानण्याची वृत्ती कायद्याने नाहीशी होत नाही. मतदारसंघ पित्याकडून पुत्राकडे जाताना आपण आजही पाहतो. धरणाचे काम सुरू होऊन सहा दशके लोटल्यावरही, 2018 मध्ये कोयना प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी कोयनानगर येथे ठिय्या आंदोलन करावे लागले. ज्यांच्या जमिनींवर महाराष्ट्राची वीज उभी राहिली, त्यांची बाजू मांडणारे लोकप्रतिनिधी इतकी वर्षे कोणाचे प्रतिनिधित्व करीत होते, हा प्रश्न म्हणूनच टाळता येणार नाही. बाळासाहेबांनी हातची सत्ता सोडून 'प्रतिनिधी' या शब्दाला अर्थ मिळवून दिला. निवडून आलेल्यांनी तो किमान राखावा, एवढीच अपेक्षा आहे.