"अजून भाड्यानेच राहतोस?"

मुंबईत तिशीतल्या कुणालाही हा प्रश्न लग्नकार्यात एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्या काकांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यांचा हिशेब जुना आहे.

उपनगरातला १ कोटीचा वन बीएचके धरा. (होय, वन बीएचकेच.) २० लाख स्वतःचे. ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आणखी ६ लाख. बांधकाम सुरू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. उरलेले ८० लाख साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी कर्जाने घेतले, तर हप्ता ६९ हजारांच्या वर जातो. तसलाच फ्लॅट भाड्याने २५-३० हजारांत मिळतो. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: या कर्जाच्या पहिल्या वर्षी भरलेल्या सव्वाआठ लाखांतले पावणेसात लाख निव्वळ व्याज असतं. तेव्हा आजची पोरं उधळी आहेत म्हणून भाड्याने राहतात, हे डोक्यातून काढून टाका. त्यांना गणित येतं.

आणि भाड्याने राहणं आपल्याला नवीन कधी होतं? गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत आपले आजी-आजोबा भाडेकरूच होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण होतं, म्हणून तीन-तीन पिढ्या एकाच पत्त्यावर काढल्या. शाळा, मंडळ, रेशनकार्ड, सगळं तिथलंच. त्याची किंमतही शहराने मोजली, ती लपवायला नको. भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवीन इमारती बांधणं जवळपास थांबलं.

आता आपण थेट दुसऱ्या टोकाला आलोय. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. ते संपलं की पुन्हा दलालाला महिन्याचं भाडं, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा टेम्पो, पुन्हा आधारवरचा पत्ता बदला. वर सोसायटीची परीक्षा: बॅचलर नको, एकटी मुलगी नको, मटण-मासे खाणारे नकोत. मुंबईत मराठी माणसाला मासे खातो म्हणून घर नाकारतात, यावर आपण दोन दिवस चिडतो आणि विसरतो.

गंमत म्हणजे ११ महिन्यांच्या या आकड्याला महाराष्ट्रात कायद्याचा आधारच नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून तो आकडा रूढ झाला. पण आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्स ५ वर्षांपर्यंतचं करता येतं. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं वसूल करायची तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणजे "भाडेकरू घर बळकावेल" ही मालकांची भीती पागडीच्या काळातली आहे. त्या भीतीपोटी किती घरं कुलूपबंद असतील? २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी निघाली होती. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली त्यात असणारच, पण सगळीच तशी नसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. म्हाडाची लॉटरी चालू द्या, पण घरांची चर्चा मालकीपाशीच थांबवू नका. तीन वर्षांचा करार, दरवर्षीची भाडेवाढ आधीच ठरलेली, डिपॉझिट दोन महिन्यांचं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी हीच दोन महिन्यांची मर्यादा आहे. राज्याने ती इथे सक्तीची करावी. आणि मुदतीला घर परत हवं असेल, तर मालकाला ते महिन्या-दोन महिन्यांत मिळालं पाहिजे, तारखांवर तारखा नकोत. भाडेकरूच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हेही मान्य करायला हवं.

तुम्ही घरमालक असाल आणि दोन-तीन वर्षांचा करार केला असेल, तर अनुभव खाली लिहा. वाईट असेल तरी लिहा. आणि सोसायटीच्या कमिटीत असाल, तर "बॅचलर चालणार नाही" हा ठराव तुमच्याकडे कधी आणि कुणी मांडला, तेवढं इतिवृत्तात बघून सांगा.