आता तूच घरचा कर्ता!

आपल्याकडे एखाद्या घरचा बाप गेला, की तेरवीपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण पोराच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणतो, "आता तूच घरचा कर्ता." मग ते पोरगं दहावीत असो की चौथीत! म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मित्रांनो, हे वाक्य आता बंद व्हायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाप तर गेलाच, त्या पोराचं लहानपणही आपण त्याच दिवशी काढून घेतो.

हे मत पक्कं झालं ते 'किल्ला' बघून. रूमवर लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसून आम्ही तो पाहिला. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळालं, तेही मुलांच्याच ज्यूरीकडून. आपल्याकडे तो २०१५ मध्ये लागला. गोष्ट साधी आहे. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. तो धाय मोकलून रडत नाही, भाषण देत नाही. फुगून बसतो, आईवर चिडतो. मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटं सोडून निघून जातात, तेव्हा त्यांच्याशीही बोलणं टाकतो. वरून पाहणारा म्हणेल, पोरगं हट्टी आहे. खरं तर ते दुःखच असतं, फक्त लहान मुलाचं दुःख असं दिसतं. आणि त्याला सावरतं कोण? उपदेश नाही, तर सायकल, समुद्र आणि बंड्यासारखे वात्रट दोस्त!

आता आपल्या यवतमाळकडे या. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मध्ये शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर घाबरलेली आई छोट्या दिनूला बापाच्या मागेमागे राहायला लावते. बाप जिवंत आहे, तरी पोरगं पहारेकरी झालं! आणि बाप खरंच गेला तर? २००६ पासून सरकारी मदत एक लाखाची, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. आपल्या बापाचं मरण पात्र की अपात्र, ही चर्चा ज्या पोराच्या कानावर पडते त्याने काय समजायचं?

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याच्या विधवेचं बोलणं अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं, फार चांगलं झालं. पण तिच्यासारख्या बायांची पोरं? त्यांचं ऐकायचं अजून राहूनच गेलंय. त्यातली काही आज आपल्याच हॉस्टेलमध्ये, आपल्याच मेसच्या रांगेत उभी असतात. दिवाळीत सगळं हॉस्टेल रिकामं होतं, तेव्हा एखादा मागे राहतो. आपण विचारतो, "काहून बे, घरी नाई गेला का?" तो म्हणतो, "सबमिशन आहे ना बे." सबमिशन कुणालाच नसतं, हे दोघांनाही माहीत असतं.

कुणी म्हणेल, घर चालवायचं तर पोराला जबाबदारी घ्यावीच लागते. कबूल! ती तो घेतोच, सुट्टीत वावरात राबतो, बहिणीच्या फीचा हिशेब ठेवतो. मुद्दा तो नाही. जबाबदारी घेतली म्हणून रडायचा, चिडायचा, नापास व्हायचा, टपरीवर बसून फालतू गप्पा मारायचा हक्क जातो का?

म्हणून मित्रांनो, त्याला "हिंमत ठेव" म्हणू नका, क्रिकेटला बोलवा. तो खेकसला तर एकदा ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला हाक मारा. सरांनाही एक नम्र विनंती, मृत्यूचा दाखला लागलाच तर केबिनमध्ये बोलावून मागा, भर वर्गात नको. आणि बोलायला त्यानेच सुरुवात केली, तर त्या रात्री जर्नल बाजूला ठेवा. ते नंतर कुणाचंही उतरवता येतं.