हिशेबाचा संगणक आणि ३ व्होल्टचा सेल

जळगावच्या दाणा बाजारातील वा धुळ्याच्या पाचकंदील भागातील कित्येक व्यापारी घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले की दुकानाचा हिशेब घरच्या संगणकावर चढवला जातो. एखाद्या रात्री संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो आणि जोडणी सुरक्षित नसल्याचे कारण देऊन जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही. घरात व्हायरसची चर्चा सुरू होते. बहुधा संपलेला असतो तो मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल.

विंडोजच्या आधी जागा होऊन मेमरी, कीबोर्ड व डिस्क तपासणारी आज्ञावली म्हणजे बायोस. वीज नसताना घड्याळ हा सेलच चालवतो. म्हणून रोज भिंतीवरचे बटण बंद करणाऱ्या काटकसरी घरांत तो लवकर संपतो. तारखेकडे दुर्लक्ष केल्यास खरा घोळ बॅकअपमध्ये होतो. कालची प्रत जुन्या तारखेने साठते, जुनी प्रत नवी वाटते, आणि तीच परत चढवली तर मधल्या महिन्यांच्या नोंदी पुसल्या जातात.

सेल बदलल्यावर अनेक संगणकांत बायोसची मांडणी मूळपदावर जाते. त्यात डिस्कची पद्धत बदलली तर विंडोज सुरूच होत नाही आणि सुस्थितीतील डिस्क निकामी ठरवली जाते. म्हणून संगणक चालू स्थितीत असतानाच, सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून, बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे.

पडदा काळा आणि आतून सतत बीप येत असेल, तर मात्र संशय रॅमवर घ्यावा. वायर काढून, धातूच्या पेटीला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. आत मुंग्या वा कोळी असल्यास जयणेने, मऊ ब्रशने आधी त्यांना बाहेर काढावे. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी व दोन्ही बाजूंच्या खटक्यांत घट्ट बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. दोषी कोणती ते कळते.

एवढ्यावर एखादा कारागीर फॉरमॅट सुचवतो. रॅम वीज जाताच रिकामी होते, खातेवही असते डिस्कवर. रॅमच्या दुखण्यासाठी डिस्क पुसणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! डिस्क काढून घरी ठेवावी आणि उरलेली पेटी तेवढी दुरुस्तीला पाठवावी.