पुढच्या सीटवरच्या माणसाचं माप



आमचे भाईजान सहा फुटांच्या वर उंच आणि अंगानं चांगलेच भरलेले. मागच्या वर्षी त्यांनी आपली लहान गाडी विकली आणि हिंगोलीहून वसमतच्या हळद बाजाराला एसटीनं जाऊ लागले. कोणी विचारलं की म्हणायचे, "पेट्रोल परवडत नाही." खरं कारण भाभींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. स्टेअरिंग पोटाला टेकायचं, वळण घेताना हात अडायचा आणि हे सांगायची त्यांना लाज वाटायची.

एका जुम्म्याला जेवताना ते म्हणाले, "जुनी अम्बॅसिडर घ्यावी म्हणतो. अब्बांच्या वेळी त्या गाडीत आपण नऊ जण बसायचो." अम्मी म्हणाली, "बेटा, आधी वजन कमी कर, मग गाडी घे." सगळे हसले. मीही हसले. भाईजानही हसले, पण त्यांनी पुढची भाकरी घेतली नाही.

ती भाकरी माझ्या मनातून जाईना. म्हणून गाड्या बघायला त्यांच्यासोबत मी गेले.

पहिली बघितली ती फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात माहीत झाली. दिसायला फार गोड गाडी. पण भाईजान आत बसले आणि दार लावताना खांदा दाराला लागला. ब्रेक दाबताना बूट शेजारच्या पेडलला अडायचा. विकणारा म्हणाला, "पहलवान, तुम्हाला ट्रकच पाहिजे." भाईजान काही बोलले नाहीत. उतरायलाही त्यांना वेळ लागला, आणि तो माणूस बघत उभा राहिला.

दुसरी अम्बॅसिडर. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५८ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती. फियाटपेक्षा ती सुमारे वीस सेंटिमीटर रुंद. गियरचा दांडा स्टेअरिंगलाच, त्यामुळे पुढची सीट एका बाकासारखी सलग आणि मांडीला मध्ये काही आडवं येत नाही. आम्हाला वाटलं, काम झालं. पण भाईजान बसले आणि स्टेअरिंग पुन्हा पोटाला! मागच्या सीटवर मात्र मी पाय पसरून बसले होते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अम्बॅसिडर ऐसपैस म्हणून जे नाव आहे, ते मागच्या सीटचं आहे. त्या काळी बऱ्याच घरांत मालक मागे बसायचा आणि पुढे पगारी ड्रायव्हर. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामांची १९१२ची पिवळी रोल्स-रॉईस ठेवली आहे. आपली हिंगोली निजामाच्याच राज्यात होती, म्हणून ती गाडी मुद्दाम बघावी. तिच्यात मागे चक्क सिंहासनासारखं उंच आसन आहे. गाडी हाकणाऱ्यासाठी असा थाट कोण करणार? जुन्या गाडीत जागा शोधताना ती पुढे शोधायची, हे आम्ही तेव्हा शिकलो.

उपाय एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी सांगितला. सीट ज्या लोखंडी रुळांवर सरकते, ते रूळ खोलून दोन इंच मागे बसवायचे. फुगीर गादी काढून पातळ पण घट्ट फोम भरायचा. त्यांनी आधी आम्हाला खालचा पत्रा ठोकून दाखवला. पत्रा गंजलेला असेल तर जड माणसाखाली रूळ उखडतील, म्हणून आधी पत्रा, मग रूळ. लहान स्टेअरिंग बसवू का, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, "नको बेटी. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. चाक लहान केलं की वळवायला जोर जास्त लागतो."

तुमच्या घरीही कोणी अशी गाडी बघत असेल, तर एवढं तपासा. माणसाला गाडीत अर्धा तास बसवा, फोटोवर जाऊ नका. छाती आणि स्टेअरिंग यांच्यात किमान वीतभर अंतर हवं, कारण जुन्या गाडीला एअरबॅग नसते आणि धक्का बसला तर छाती थेट चाकावर आदळते. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा चाकाला लागू नये. पट्टा नसेल तर पुरेशा लांबीचा बसवून घ्या आणि तो मजबूत जागी पक्का करा. ड्रायव्हरच्या बाजूनं गाडी झुकलेली असेल तर स्प्रिंग आणि मागचे पाटे बघा.

कागदांचंही सांगते. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी वीस हजार रुपये फी आहे. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजाराला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती नोंदणी नवी करावी लागते. आमची गाडी १९८६ची, तिची नोंदणी तशीच केली.

गाडी घरी आली त्या दिवशी भाईजान एकटेच औंढ्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी अम्मीला नांदेडला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. अम्मी पुढे त्यांच्या शेजारी बसली. परत आल्यावर मला म्हणाली, "मी त्या दिवशी जेवताना बोलायला नको होतं."

अम्मीची काळजी खोटी नव्हती. भाईजानांना साखर आहे आणि आता ते रोज मगरिबनंतर चालायला जातात. पण बारीक होईपर्यंत माणसानं एसटीच्या रांगेत उभं राहावं, असं थोडंच आहे? तुमच्याही घरात कोणी एखादी गोष्ट अचानक सोडली असेल, कुठे जाणं टाळत असेल, तर हसण्याआधी एकदा जवळ बसून कारण विचारा.