झपाटलेलें पात्र कोणाचें?

एका वाचकभगिनींचें मोठ्या कळकळीचें पत्र आलें आहे. घर एकत्र; तिघी जावांचीं मिळून सात मुलें. सुटीच्या दिवसांत तीं सारीं दुपारभर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मांडून बसतात. मोठा पुतण्या सूत्रधार. परवां धाकट्याच्या योद्ध्यास एका व्हँपायरनें, म्हणजे रक्तपिपासू प्रेतानें, मारलें. भावंडांनीं त्याला पुरलें, आणि दुसऱ्या रात्रीं तो त्याच जातीचा होऊन उठला! पुतण्यानें पुस्तक उघडून दाखविलें व म्हटलें, "आजपासून हें पात्र माझें." दोन वर्षें वाढविलेला आपला वीर आपल्याच भावंडांवर धावून जात आहे हें पाहून धाकटा उठला, रात्रीं जेवला नाहीं, आणि आज आठवडा झाला, दोघे भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत. "भाऊजींनीं आणि घरांतल्यांनीं खेळच बंद करावयाचें ठरविलें आहे, आपलें मत काय?" असें त्या विचारतात.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, सूत्रधार भोंवतालचें सारें जग चालवितो, आणि संशयाच्या ठिकाणीं निर्णय फांशांवर सोंपवितात. खेळाडूच्या हातीं एवढें एकच पात्र असतें. तें गेलें कीं त्यानें नुसतें पाहात बसावयाचें.

आतां पुतण्याविषयीं. तो अगदींच खोटें बोलला नाहीं. या खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तींतील राक्षसांच्या ग्रंथांत असें आहे कीं, पात्र व्हँपायर झाल्यास सूत्रधार त्याचा ताबा घेऊं शकतो. 'घेऊं शकतो', 'घ्यावा' नव्हे. हा भेद त्यानें वाचलेला दिसत नाहीं. वकिलांच्या घरांतसुद्धां असें होतें, मग मुलांस काय बोलावें?

शिवाय हा पेंच खेळाच्या जन्माआधींचा आहे. खेळ छापला जाण्यापूर्वीं आर्नेसन मिनेसोटांत 'ब्लॅकमूर' नांवाचें कल्पित राज्य आपल्या मित्रांकडून खेळवीत असे. तेथें एका खेळाडूचें पात्र व्हँपायर झालें. 'सर फँग' हें त्याचें नांव. तो इतका बलाढ्य झाला कीं इतरांस आवरेना. त्यावर उपाय म्हणून प्रेतांना पिटाळणारा एक धर्मोपदेशक निर्माण झाला, आणि आज या खेळांत 'क्लेरिक' म्हणून जो वर्ग आहे त्याचें मूळ तेथें आहे. एकाच्या हातचें पात्र न हिसकतां दुसऱ्यांच्या हातीं उतारा दिला. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो.

पुढें १९९१ सालीं 'व्हँपायर : द मास्करेड' नांवाचा खेळ निघाला. त्यांत सगळेच खेळाडू प्रेतें! तेथें प्रत्येकाच्या माणुसकीचें माप असतें. दुष्कृत्यांनीं तें उतरतें, आणि शून्यावर आलें म्हणजेच पात्र हातचें जातें. म्हणजे गमावणें आहे, पण तें आपल्या करणीनें आणि डोळ्यांदेखत. १९९४ च्या 'रेथ' या खेळांत तर प्रत्येक मृतात्म्याची काळी बाजू शेजारचा खेळाडू बोलतो. हें मोठ्यांना ठीक. मुलांत मात्र त्यावरून खऱ्या मारामाऱ्या होतील.

केवळ झपाटलें असेल, तर गोष्ट आणखी सोपी. भूत पात्राच्या अंगांत शिरलें कीं पुष्कळ सूत्रधार स्वतःच बोलूं लागतात आणि खेळाडू बिचारा गप्प. आपल्याकडे अंगांत येतें तेव्हां बोलणारा दुसरा, पण तोंड त्या झाडाचेंच असतें ना? तसेंच येथें करावें. मुलास बाजूस घेऊन कानांत सांगावें, "या भुताला अमुक हवें आहे, आतां तूंच तें हो." बहुतेक मुलें हें काम सूत्रधारापेक्षां झकास वठवितात. एखाद्यास तें नको असल्यास मात्र आग्रह करूं नये, आणि हें आधींच विचारून ठेवावें. मुदतही ठरवावी. परकायाप्रवेश केलेल्या आचार्यांचा मूळ देह शिष्यांनीं राखला होता आणि परत येण्याची आठवणही त्यांनींच दिली, ही कथा आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां भगिनींनो, खेळ बंद करूं नये. तुमच्या पुतण्यास त्याच ग्रंथाचें तेंच प्रकरण पुन्हां वाचावयास लावा. व्हँपायरनें मारून उठविलेलें प्रेत त्याचें दास असतें. पण तो धनी मेला कीं दासास स्वतःची इच्छा परत मिळते, असें तेथें स्पष्ट छापलें आहे. म्हणजे सहा भावंडांना पुढचे चार दिवस पुरेल एवढें काम तयार आहे. तो धनी उन्हांत जळतो, वाहत्या पाण्यानें पोळतो आणि बोलावल्यावांचून कोणाच्या घरांत पाऊल ठेवीत नाहीं. तोंवर पात्राचा कागद धाकट्याकडेच राहूं द्यावा. दिवसां तो पेटींत निजेल, रात्रीं धन्याची हांक येईल. ती किती ऐकावयाची आणि कोठें अडखळावयाचें, हें त्यानेंच ठरवावें. पुतण्यानें फक्त हांक मारावी.

आणि पहिली हांक मारण्यापूर्वीं त्यानें धाकट्यास जेवावयास बोलवावें.