वस्तीला कला शिकवायला येणाऱ्यांना चार प्रश्न

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये एक नवी वर्दळ सुरू झाली आहे. कुठली तरी संस्था येते, पोरांच्या हातात रंग-ब्रश देते, भिंती रंगवून घेते, दोन दिवसांचे नाट्यशिबिर भरवते, फोटो काढते आणि निघून जाते. मग अहवालात लिहिले जाते, 'वंचित मुलांपर्यंत कला पोहोचवली'. पोरांना रंग मिळाले, चार तास आनंदात गेले, याबद्दल कुणाची तक्रार नाही. आक्षेप आहे तो 'पोहोचवली' या शब्दाला. जिथे कला नव्हती तिथे आम्ही ती नेली, असा त्याचा अर्थ होतो आणि तो धादांत खोटा आहे.

इतिहास काय सांगतो? १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणब्याला जोशी कसा नागवतो आणि शिक्षणाने त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापलेही गेले नाही. पैसा ज्यांच्या हातात होता त्यांनी दार लावले, तेव्हा सत्यशोधकांनी जलसा उभा केला. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात महाडचे पाणी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पोरांचे शिक्षण भरले. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेल्या वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून बाबासाहेब घराघरांत नेले. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढले. यांच्यापर्यंत कला कोणी 'पोहोचवली' होती?

म्हणून वस्तीत येणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : विषय कोण ठरवते? स्वच्छता, आत्मविश्वास, पर्यावरण हे विषय चांगलेच आहेत. पण वस्तीतल्या पोराने जातीवर नाटक लिहिले, गटारात उतरून मेलेल्या माणसावर गाणे केले, तर ते तुमच्या समारोपाला सादर होईल का? की 'राजकीय नको' म्हणून बाजूला ठेवले जाईल? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. वस्तीची कला वस्तीच्या दुःखापासून वेगळी काढता येत नाही. जी संस्था ते दुःख दाराबाहेर ठेवायला सांगते, ती कलेच्या नावाखाली गप्प बसायला शिकवते.

दुसरा प्रश्न : पैसा कोणाकडे जातो? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत कला-संस्कृतीही आहे. पण हा पैसा घ्यायला नोंदणीकृत संस्था लागते, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि चार कोरसवाले असलेल्या गायनपार्टीकडे यातले काय असणार? तीस वर्षे भीमगीते गाणाऱ्या शाहिराचा अनुभव कागदावर शून्य ठरतो. मग कागदपत्रे असलेली संस्था निधी घेते आणि त्याच शाहिराला एका दिवसाच्या बिदागीवर बोलावते. त्याची कला, त्याचीच वस्ती, मालकी मात्र दुसऱ्याची. हे कोणत्या व्यवस्थेसारखे आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न : शिकवणारा कोण? मद्रासचे उदाहरण पाहा. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. उत्तर मद्रासच्या वस्त्यांमधला 'गाना' हा गायनप्रकार तिथे आधीपासून होताच. तो शिकवायला कोणी बाहेरून आले नाही. गाणाऱ्यांना मंच मिळाला, चांगली वाद्ये मिळाली आणि जातीवर बोलायची मोकळीक मिळाली. संस्थेने करायचे काम हेच आहे.

चौथा प्रश्न : तुम्ही गेल्यावर मागे काय उरते? रंगवलेली भिंत दोन पावसाळ्यांत उडते. मागे एखादे पथक उरले, तालमीची जागा उरली, ढोलकी शिकलेली एखादी मुलगी उरली, तर काम झाले म्हणायचे.

आता हेच चार प्रश्न आपल्या जयंती मंडळांनाही लावू. डीजेसाठी लाखाची वर्गणी दोन दिवसांत जमते आणि एका रात्रीत हवेत उडते. त्याच वस्तीतला म्हातारा शाहीर मात्र एप्रिलमधल्या एखाद्या सुपारीची वाट बघत बसतो. त्याच्या हस्ताक्षरातली गाण्यांची वही ट्रंकेत पडून असते. तो गेला की ती वही रद्दीत जाते आणि त्याचे गाणे दुसऱ्याच्या नावाने मोबाईलवर फिरते. हे थांबवायला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही.

करायचे काय? वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा वेगळा काढा. विहाराचे किंवा समाजमंदिराचे कुलूप आठवड्यातून दोन संध्याकाळी तालमीसाठी उघडा. वस्तीतल्या जुन्या शाहिराला महिन्याच्या मानधनावर गुरू म्हणून बसवा. मुलींना फक्त कोरसमध्ये उभे करू नका, वाद्य हातात द्या. शाहिरांच्या वह्या कवीच्या नावासकट उतरवून घ्या, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आणि तालुक्यातल्या पाच-दहा गायनपार्ट्यांनी मिळून एक संस्था नोंदवा, हिशेब चोख ठेवा. तीन वर्षांनी निधी मागायला आपणच उभे राहू, मध्यस्थाची गरज उरणार नाही.

बाहेरून येणाऱ्यांना आपला विरोध नाही. ज्यांना सोबत काम करायचे आहे त्यांनी जरूर यावे, चटईवर बसावे, आधी ऐकावे. पण समाजमंदिराची किल्ली आणि हिशेबाची वही वस्तीच्याच हातात राहील. स्वाभिमानाची चळवळ उसन्या मंचावर उभी राहत नसते.

जय भीम! जय जोती!